भागायचं होतं अठराने

उमरखेड,
१९ मार्च

प्रिय उज्ज्वला,

पत्राची सुरुवात 'प्रिय'ने करायची असं आपल्याला शाळेत शिकवलंय, म्हणून लिहिलं. त्याचा वेगळा अर्थ काढू नकोस. फोनही करता आला असता. तुझा नंबर आणि बाभुळगावचा पत्ता दोन्ही माझ्याकडे आहेत, कसे आले ते पुढे सांगते. पण फोनवर तू मध्येच बोलशील आणि मला तुझं मध्ये बोलणं नको आहे. पाच वर्षांपूर्वी जेव्हा बोलायला हवं होतं तेव्हा तू तोंड मिटून उभी राहिलीस. आता तसंच तोंड मिटून हे वाच.

माझं विचारशील तर (विचारणार नाहीस, तरी सांगते) मी इथल्या एका कॉलेजात परीक्षा विभागात आहे. कंत्राटी. खिडकीशेजारचं टेबल, एक संगणक, आणि आमचे हेडक्लार्क मारोतराव, ज्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरलेत म्हणून ते आपल्यापुढचा प्रत्येक कागद माझ्याकडे सरकवतात. सत्राचा निकाल लागला की मुलांचे एसजीपीए तपासायचे हे माझं काम. विषयाला मिळालेला ग्रेड पॉइंट त्या विषयाच्या क्रेडिटने गुणायचा, असे सगळे गुणाकार मिळवायचे आणि एकूण क्रेडिटने भागायचं. विषय किती आहेत त्याने नाही, क्रेडिटने. हे वाक्य मी दर सत्राला शंभरदा तरी खिडकीतून ओरडून सांगते आणि दर वेळी तुझा चेहरा डोळ्यांसमोर येतो. चांगल्या अर्थाने येत नाही, हे सांगायला नकोच.

पुसदच्या हॉस्टेलातला तो रिवाज तुला आठवत असेलच, कारण त्या रिवाजाची तू महाराणी होतीस. निकाल लागला की वेबसाइटवर नुसते ग्रेड दिसायचे, गुणपत्रिका महिन्यांनी यायची. तोवर एसजीपीए आपणच काढायचा. पण स्वतःचा स्वतः काढायचा नाही. काढला तर नजर लागते, असं कोणत्या सीनियर मुलीने कधी सांगितलं देव जाणे, पण अख्खं हॉस्टेल ते पाळायचं. आणि दुसऱ्याच्या हाताने काढायचा म्हटला की सगळ्या तुझ्याकडे. कारण तुझे वडील, भावसिंग गुरुजी, गणित शिकवायचे, आणि गुरुजींच्या मुलीचं गणित चुकेल कसं? मुली ओढणीत बोरं, शेंगदाणे, चिवडा घेऊन तुझ्या खाटेभोवती बसायच्या. तू वहीचं पान टरकावायचीस, सहा आकडे एका ओळीत लिहायचीस, प्रत्येकाभोवती गोल काढायचीस, सातच्या पोटात आडवी रेघ मारायचीस आणि उत्तराखाली दोन रेघा ओढून कागद असा पुढे करायचीस की जणू कोर्टाचा निकाल देतेयस. तुझा आकडा कोण काढायचं, ते आत्ता जाऊ दे.

मला तुझं कौतुक होतं, हे लिहिताना दात ओठ खावे लागतायत. आपण दोघींत एकच एप्रन होता. तुझी प्रॅक्टिकलची बॅच सकाळची, माझी दुपारची. तू जिन्यावरून उतरताना तो काढायचीस, मी चढताना घालायची. खिशाजवळचा तो सॅफ्रानिनचा लाल डाग तुझा की माझा यावरून आपण किती भांडलो. माझी थिअरी बेताची आणि प्रॅक्टिकल झकास, हे तुला माहीत होतं. तुझं सगळंच सारखं. कुठल्याही विषयात ना वर ना खाली, सगळीकडे ए. मी तुला चिडवायची की तुझ्या गुणपत्रिकेवर इस्त्री फिरवलीय. तू हसायचीस.

मग तो अर्ज आला. यवतमाळकडच्या एका बियाणे कंपनीला प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून आपल्या कॉलेजातल्या दोन मुली हव्या होत्या. पुढे तिथेच नोकरी. अट एकच, तिसऱ्या सत्राचा एसजीपीए सात किंवा वर. गुणपत्रिका यायच्या होत्या, म्हणून आकडा आपणच लिहायचा आणि खाली सही करायची, की वरील माहिती खरी आहे. शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तू मला म्हणालीस, वाच तुझे ग्रेड. मी मोबाइलमध्ये बघून वाचले. तिन्ही थिअरीला बी, म्हणजे सहा-सहा-सहा. प्रॅक्टिकलला नऊ, नऊ आणि आठ. तू गोल काढलेस, बेरीज चव्वेचाळीस केलीस, सहाने भागलंस आणि सात पूर्णांक तेहेतीसखाली दोन रेघा मारल्यास. मी तो आकडा अर्जावर उतरवला आणि सही ठोकली. त्या दिवशी मी घरी फोन केला तेव्हा अब्बांनी गॅरेजमधल्या गिऱ्हाइकांना थांबवून माझा आकडा दोनदा ऐकला.

पुढचं तुला पाठ असेल, तरी मी माझ्या बाजूने सांगते, कारण माझी बाजू कोणी ऐकलीच नाही. कंपनीच्या बाईंनी सगळे आकडे विद्यापीठाकडून पडताळून मागवले. माझा आला सहा पूर्णांक एकोणनव्वद. प्राचार्यांच्या खोलीत मला बोलावलं. तुलाही बोलावलं, पण तुला तुझं निवडपत्र द्यायला. ते पत्र टेबलावर होतं आणि त्याच्या शेजारी माझा अर्ज, त्यावर लाल शाईने गोल. बाई म्हणाल्या, आमच्याकडे बियाणाची उगवण टक्क्यात मोजतात, एका दाण्याची खोटी नोंद झाली तरी शेतकऱ्याचं शेत बसतं. ज्या मुलीने स्वतःचाच आकडा फुगवला तिच्या हाती आम्ही काय द्यायचं? प्राचार्यांनी विचारलं, हा आकडा कोणी काढला? तू खिडकीजवळ, पाण्याच्या फिल्टरपाशी उभी होतीस. मी तुझ्याकडे पाहिलं. त्यांना जे उत्तर मिळालं ते तुलाही ऐकू आलं आणि तू जमिनीकडे बघत राहिलीस. एक वाक्य, उज्ज्वला. सर, तो आकडा मी काढला होता. 'सर' सोडला तर पाच शब्द. ते तुझ्या तोंडून निघाले असते तर चूक चूक ठरली असती, लबाडी ठरली नसती.

आठ दिवस माझं नाव सूचना फलकावर होतं. खोटी माहिती दिल्याने अर्ज रद्द. अब्बा हॉस्टेलमधून माझी पेटी न्यायला आले तेव्हा तो कागद अजून तिथे होता. माझे अब्बा, जहीर मिस्त्री, ज्यांच्या धंद्यात एक सूतही इकडचं तिकडे चालत नाही, ते फलकासमोर उभे राहून एकेक अक्षर लावत वाचत होते. त्यांची मराठी सावकाश आहे, म्हणून फार वेळ लागला. मग त्यांनी मला एवढंच विचारलं, "बेटा, झूठ लिखा था क्या?" मी नाही म्हटलं. त्यांनी पेटी खांद्यावर घेतली आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. पुढचं दीड वर्ष मी उमरखेडहून पुसदला एसटीने ये-जा करून डिग्री पुरी केली, पण हॉस्टेलात पाय ठेवला नाही.

तुला एक सांगते, मला सीट गेल्याचं दुःख नाही. खरा आकडा सातच्या खालीच होता, सीट माझी नव्हतीच. पण गल्लीत, नात्यात, अब्बांच्या गॅरेजात जिथे जिथे माझ्या शिक्षणाचा विषय निघाला तिथे तिथे ती गोष्ट माझ्याआधी पोचलेली असायची. या नोकरीच्या मुलाखतीतही विचारलं. मारोतरावांनी मध्ये पडून सांभाळून घेतलं म्हणून मी इथे बसलेय, नाहीतर परीक्षा विभागात खोटारडी कोण ठेवून घेतं?

आणि तू. पेटी नेली त्या दिवशी माझ्या खाटेवर एप्रन धुऊन, घडी करून ठेवला होतास, चिठ्ठी नाही की काही नाही. बस स्टँडवर मात्र आलीस. अब्बा तिकिटाच्या खिडकीशी होते. मला वाटलं आता रडशील, हात धरशील, म्हणशील की घाबरले ग. आणि तू काय म्हणालीस? "फरहा, तुनं मले तरी खरं सांगाले पाह्यजे होतं." एवढं बोलून पाठ फिरवलीस. स्वतः आकडा चुकवायचा, स्वतः गप्प बसायचं, नोकरी खिशात घालायची आणि वर मलाच खऱ्याचे धडे द्यायचे. असला निर्लज्जपणा मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही नाही. जूनमध्ये गुणपत्रिका हातात आली. तिच्यात क्रेडिटचा रकाना होता. थिअरीला चार-चार, प्रॅक्टिकलला दोन-दोन, एकूण अठरा. अंगणात बसून मी हिशोब केला आणि दहा मिनिटांत कळलं की तू कुठे माती खाल्लीस. प्रॅक्टिकलचे माझे नऊ तू थिअरीच्या सहाच्या तोलाने धरलेस. सहाने भागलंस. भागायचं होतं अठराने. त्या दिवसापासून मी तुला मनातल्या मनात रोज शिव्या घातल्या आहेत, सणावारीसुद्धा.

आता या सोमवारचं ऐक. खिडकीशी एक मुलगी आली, पहिल्या वर्षाची. सडपातळ, केस घट्ट बांधलेले, बोलताना नजर खाली. कॉलेजातून उन्हाळी प्रशिक्षणाला मुलं जाणार आहेत, त्यासाठी तिने अर्ज दिला होता आणि तोच अर्ज ती परत मागत होती. मी म्हटलं, काहून? बुधवारपर्यंत मुदत आहे. ती म्हणाली, सात लागतात मॅडम, मले सहा पूर्णांक त्र्याऐंशी आहेत, कायले उगीच ठेवायचा. मी अर्ज काढला. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलने सहा आकडे एका ओळीत, प्रत्येकाभोवती गोल, सातच्या पोटात आडवी रेघ आणि उत्तराखाली दोन रेघा. उज्ज्वला, मी पान उलटून नाव पाहिलं. वैष्णवी भावसिंग राठोड. संपर्कासाठी थोरली बहीण, उज्ज्वला, बाभुळगाव. आठवीतली, दोन वेण्यांची वैष्णवी, जी तुझ्या आईबरोबर, तुमच्या याडीबरोबर, हॉस्टेलला यायची आणि माझ्या खाटेवर उड्या मारायची. तिने मला ओळखलं नाही. मीही ओळख दिली नाही.

खरं सांगू? पहिल्यांदा मला बरं वाटलं. वाटलं, द्यावा परत अर्ज. तुझ्याच हाताने तुझ्या बहिणीचं नुकसान होतंय, मी कशाला मध्ये पडू? मी अर्ज तिच्यापुढे सरकवलासुद्धा. मग सवयीने नजर आकड्यांवर गेली. थिअरीला आठ, सात, आठ. प्रॅक्टिकलला तिन्ही सहा. तुझ्या पद्धतीने एकेचाळीस भागिले सहा. पण चार-चार आणि दोन-दोनने गुणून बघ. ब्याण्णव आणि छत्तीस, एकशे अठ्ठावीस. अठराने भागलं की सात पूर्णांक अकरा. पोरगी पात्र होती. मी अर्ज मागे ओढला आणि तिला विचारलं, हा आकडा कोणी काढला? तिची नजर आणखी खाली गेली.

"मीच काढला, मॅडम," ती म्हणाली.

हे तीन शब्द मी याआधी ऐकले आहेत. आता त्या खोलीतलं माझं उत्तर सांगते, जे मी वर गाळलं. प्राचार्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, मीच काढला, सर. तुझं निवडपत्र माझ्या डोळ्यांसमोर टेबलावर होतं. तुझं नाव घेतलं असतं तर ते कदाचित तिथेच फाटलं असतं. मला वाटलं मी एवढं केलं तर बाकीचं तू करशील, पुढे येशील आणि खरं सांगशील. मी वाट पाहिली. तू आली नाहीस, त्यालाच मी पाच वर्षं तुझा गुन्हा म्हणत आलेय. तू तो केला नाहीस असं मी आजही म्हणत नाही.

पण सोमवारपासून माझी झोप उडाली आहे, आणि त्याचं कारण तूच आहेस. स्वतःच्या सख्ख्या बहिणीचा आकडा कोणी मुद्दाम खाली ओढत नाही. म्हणजे होळीला घरी तांड्यावर गेली असशील, तेव्हा तू तिला मनापासून, प्रेमाने, चुकीचा आकडा काढून दिलास. म्हणजे तुला अजूनही माहीत नाही. पाच वर्षांत तुला कोणी सांगितलंच नाही. बाकीच्या मुलींचे आकडे थोडे इकडे-तिकडे झाले असतील, गुणपत्रिका आली तेव्हा कोण जुना कागद काढून ताडून बघतं? आणि तुझा स्वतःचा तर चुकणं शक्यच नव्हतं. सगळीकडे आठ. नुसती बेरीज सहाने भागा नाहीतर क्रेडिटने गुणून अठराने, येणार आठच. तुझा आकडा कोणी काढला होता, हे मी वर जाऊ दे म्हटलं. आता जाऊ देता येत नाही. तुझा आकडा मी काढला होता, त्याच सुट्टीत, तुझ्याच वहीच्या पानावर. आठ सक अठ्ठेचाळीस. मीही सहानेच भागलं होतं, उज्ज्वला. तुझे ग्रेड माझ्यासारखे वरखाली असते तर फलकावर तुझं नाव लागलं असतं आणि बस स्टँडवर पेटी घेऊन भावसिंग गुरुजी उभे असते.

मग तुझ्या बाजूने ती खोली कशी दिसली असेल, तेही मला दिसायला लागलं. तू आकडा बरोबर काढलास अशी तुझी खात्री. विद्यापीठ म्हणतं आकडा खोटा. आणि मी सगळ्यांसमोर म्हणते, मीच काढला. तुझ्यापुढे एकच अर्थ उरला असणार, की मी तुला ग्रेडच खोटे वाचून दाखवले. म्हणून ते स्टँडवरचं वाक्य. तू खरंच दुखावली गेली होतीस. हे कळल्यावर माझा राग कमी व्हायला हवा होता. झाला नाही. उलट नवीन राग आलाय, पहिल्यापेक्षा मोठा. दीड वर्ष एका खोलीत राहून, एका एप्रनमध्ये हात घालून तू मला खोटारडी समजलीस? एकदा, फक्त एकदा, मोबाइल माझ्या हातातून घेऊन ग्रेड बघितले असतेस तर? सगळं जग मला लबाड म्हणत होतं आणि मला वाटायचं की निदान एका माणसाला, भित्र्या का होईना, खरं माहीत आहे. तेही नव्हतं.

हे पत्र का लिहिलं ते आता सांगते. वैष्णवीचा अर्ज मी तिच्यासमोर दुरुस्त केला, सात पूर्णांक अकरा लिहून शिक्का मारला, तो बुधवारी गेला. तिला मी गुणाकार करून दाखवला, पण तुझं नाव काढलं नाही. ती तुला सांगेल की आकडा कॉलेजने बदलला. तुझी चूक झाली असं ती कधीच सांगणार नाही, कारण तुझ्यासाठी खोटं बोलायला ती माझ्याइतकीच तयार आहे. म्हणून मलाच सांगावं लागतंय. मला माफीचं पत्र पाठवू नकोस, मी उघडणार नाही. रविवारी उमरखेडला ये. अब्बा आता फारसं काम करत नाहीत, पण रोज सकाळी गॅरेजबाहेर खुर्ची टाकून बसतात. त्यांना ऐकायला कमी येतं, तेव्हा मोठ्याने सांगावं लागेल, शेजारच्या दुकानांतही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. म्हण की चाचा, तो आकडा मी काढला होता. 'चाचा' सोडून पाचच शब्द लागतील, मी मोजले आहेत. तुझी निवड ज्या आकड्यावर झाली तो मीही चुकीच्याच रीतीने काढला होता, हे तुझ्या शेजारी उभं राहून मी सांगेन. त्यांनी मला पाच वर्षांत दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्यांना काय वाटतं ते मला अजून माहीत नाही.

तुझीच लिहायचं की नाही, ते रविवारी ठरेल.
फरहा